अनुस्वाररावांच्या घरची ओल

अनुस्वाररावांचं एका पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, आणि ते पत्र त्यांच्या थोरल्या बहिणीचं होतं. राहून गेलं म्हणजे विसरले होते असं नाही. विसरलेली गोष्ट माणसाला छळत नाही. हे पत्र त्यांना दात घासताना आठवे, चपला घालताना आठवे, आणि दुपारी पुस्तक छातीवर ठेवून डोळे मिटले की पापण्यांच्या आत अक्काचं तिरपं, घाईचं अक्षर हळूहळू उमटू लागे. भिजलेल्या कागदावर मागच्या पानाचा मजकूर उमटतो तसं.

पत्र लहानसंच होतं. "धाकट्या," अक्काने लिहिलं होतं, "हल्ली गुडघे फार धरतात, गारठा सोसवत नाही. इथे एकटीला करमतही नाही. आपल्या त्या मागच्या खोलीत येऊन राहावं, उरलेले दिवस तिथेच काढावेत असं मनात येतं. पण नुसतं येऊन पडायचं माझ्या जिवावर येतं. तू एवढंच कळव, त्या घरात अजून ओलावा आहे का? तुझं उत्तर आलं की ठरवीन."

हे वाचून अनुस्वाररावांनी मान वर केली तेव्हा ते नेमके त्या मागच्या खोलीतच बसले होते, आणि समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून छातीइतक्या उंचीपर्यंत, प्रश्नाचं उत्तर पसरलेलं होतं. खोटं तरी कसं लिहायचं?

त्यांचं हे नाव छापखान्यातलं. सारा जन्म त्यांनी मुद्रितं तपासण्यात घालवला होता. तिथल्या खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांचं म्हणणं, हा माणूस अनुस्वारासारखाच आहे: ठेंगणा, गोल, आणि असला तर कुणाच्या लक्षात न येणारा. नसला की वाक्य अडतं, ही पुस्ती त्यांनी स्वतः मनातल्या मनात जोडली होती, पण तिच्याबद्दलही त्यांना फारशी खात्री नव्हती.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, "अक्का कायमची येईन म्हणते. घरात ओल आहे का, विचारलंय."

'ओलावा'चा शेपटाकडचा भाग त्यांनी जाता जाता उडवला. जिथे दोन अक्षरांत भागतं तिथे तीन कशाला, ही आयुष्यभराची सवय.

"मग? आहे म्हणून कळवा," बायको म्हणाली. "याच घरात वाढलीय ती. तिला काय नवीन आहे?"

"तिचे गुडघे दुखतात."

"गुडघे काय भिंतीला लावून बसणार आहे?"

पण अनुस्वाररावांचं ठरलं होतं. आधी भिंत, मग पत्र. निर्धोक खोली तयार करायची आणि मग एकाच वाक्यात कळवायचं. माणूस लाजाळू असला की त्याला प्रत्येक उत्तराआधी काहीतरी दुरुस्त करून घ्यावंसं वाटतं.

तो डाग तसा जुन्या ओळखीचा होता. लहानपणी तो बसलेला उंट होता. अक्का म्हणे, उंट नाही, गलबत आहे, ही बघ शिडं. दोघं पालथी पडून त्यावर भांडत, आणि खालच्या फळ्यांना कान लावून समुद्र ऐकत. कारण ते घर जुन्या पद्धतीचं, जमिनीपासून हात-दीड हात उंच फळ्या घातलेलं, आणि खालच्या पोकळीत वारा घुमायचा. मग वर्षं गेली. बसलेला उंट हळूहळू उभा राहिला. अनुस्वाररावांना वाटे, दुपारी आपला डोळा लागला की तो बोटभर पुढे सरकतो.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसिअर राहत. त्यांनी आयुष्यभर रस्ते केले होते, त्यामुळे त्यांना घर म्हणजे उभा करून ठेवलेला रस्ता वाटे. ते खाली आले, डागाकडे तिरस्काराने पाहिलं आणि म्हणाले, "सिमेंटचा गिलावा. वर वॉटरप्रूफ रंग. संपला विषय."

"संपेल ना?"

"अहो, रस्ता असो नाहीतर भिंत, पाणी आत शिरता कामा नये."

"पण पाणी आधीच आत असलं तर?" हे अनुस्वाररावांनी इतक्या हळू विचारलं की ते फक्त उंटाला ऐकू गेलं.

गिलावा झाला. रंग लागला. मागची खोली दवाखान्यासारखी पांढरीफटक दिसू लागली आणि अनुस्वाररावांना तिथे गेलं की उगाच जीभ दाखवावीशी वाटे. तरी ते सुखावले. पत्र लिहायला बसले. 'प्रिय अक्का' इथपर्यंत मजकूर बिनचूक उतरला. पुढे 'निर्धोक' शब्द बरोबर की 'निर्धोकपणे', हे पाहायला ते पुढच्या खोलीत गेले, फडताळाच्या तळाचा शब्दकोश ओढला, तर तो येईना. जोर लावला तसा आला. सोबत भिंतीचा पोपडाही आला, आणि पोपड्यामागून एक थंड, जुना, ओलसर सुस्कारा आला.

उंटाने वाट बदलली होती. समोर दार लावल्यावर तो बिचारा कुठे जाणार? भिंतीच्या पोटातून वर चढला, कोपरा वळला आणि थेट पुस्तकांत शिरला.

पुढचा आठवडाभर घरात जमीन दिसली नाही. खाटेवर, ओट्यावर, खिडकीत, पायऱ्यांवर पुस्तकं उपडी-उताणी वाळत पडली. वारा आला की एकदम सगळ्यांची पानं फडफडत, आणि घर मोठ्या पाणथळीवर उतरलेल्या पांढऱ्या पक्ष्यांसारखं दिसे. अनुस्वारराव त्यांच्यामधून चवड्यांवर चालत. पान उलटायला वाकत आणि वाकलेलेच राहत.

"वाळवताय की वाचताय?" बायकोने विचारलं.

"पानं उलटतोय."

"मघापासून तेच पान आहे."

"ते जास्त ओलं आहे."

एवढ्यात मागच्या खोलीचं दार लागेनासं झालं. चौकट फुगली म्हणावी तर ती खालून खचली होती. सुताराला बोलावलं. हा सुतार डॉक्टरी थाटाचा होता. तो आधी काही विचारत नसे. बोटाच्या पेराने चौकट ठोकायची, कान लावायचा, डोळे मिटायचे, 'हं' म्हणायचं. घरातले सगळे नातेवाइकांसारखे बाजूला उभे.

"काका," शेवटी तो म्हणाला, "हे लाकूड बोलत नाहीये."

"म्हणजे?"

त्याने पेचकस टेकवला. तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. मग त्याने कडेची एक फळी जराशी उचकटली. खाली तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरत होतं, तिथे लोकरीसारखी पांढरी बुरशी पसरली होती. इतकी मऊ, इतकी नाजूक, की अनुस्वाररावांना क्षणभर तिचं कौतुकच वाटलं. कुणीतरी अंधारात बसून, कुणाला न दुखवता, अख्खी तुळई खाऊन टाकली होती.

"पाणी वरून येतंय," सुताराने निदान केलं. "पाणी वरूनच येतं, जगाची रीत आहे. वर कोण राहतं?"

वर कोण राहतं ते जिन्यातच उभं होतं. ओव्हरसिअर म्हणाले, "माझ्या न्हाणीतून थेंब गळत नाही."

"तसं सगळेच म्हणतात."

"मी पूल बांधलेत, पूल."

"पुलाखालीच पाणी असतं ना साहेब?"

दोघांचं बोलणं बंद झालं. बंद झालं म्हणजे दोघंही अनुस्वाररावांमार्फत बोलू लागले. "त्या सुताराला सांगा, छताला एकही डाग नाही." "त्या साहेबांना सांगा, डाग दिसायला अक्कल लागते." मधे अनुस्वारराव दोन्ही निरोपांतली कडू विशेषणं गाळून ते पोचवत. जन्मभराचं कामच ते.

तुळई बदलायला परवानगी लागते, हे तेव्हा कळलं. घर इतक्या वयाचं झालं की ते मालकाचं राहत नाही, जुन्या इमारतींच्या कार्यालयाचं होतं. अनुस्वारराव तिथे गेले. एका खिडकीआड चष्मेवाला कारकून बसला होता.

"तुळई कुजली आहे कशावरून?" कारकुनाने विचारलं.

"भिंतीतून काढली की दिसेल."

"काढायला परवानगी लागते."

"तीच मागतोय."

"ती कुजलेली दाखवल्यावर मिळते."

"पण काढल्याशिवाय दाखवणार कशी?"

"काढायची नाही," कारकून समजावणीच्या सुरात म्हणाला. "काढलीत तर ती जुनी राहत नाही. मग तो आमचा विषयच नाही."

यात कुठेतरी चूक आहे असं अनुस्वाररावांना वाटलं, पण वाक्यरचना शुद्ध होती. त्यांना बाकावर बसायला सांगितलं. समोर फलक होता: 'जिर्ण इमारतींबाबत चौकशी येथे करावी.' अनुस्वारराव त्याच्याकडे बघत बसले. ऱ्हस्व 'जि'. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. ती परत आली. डोळे मिटले, तर आतल्या अंधारात तो 'जि' एकटाच टांगलेला, छत गळणाऱ्या घरासारखा केविलवाणा. हात कधी खिशात गेला, पेन्सिल कधी निघाली, आपण कधी उठलो, हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. झोपेत चालणाऱ्याला जसं कठड्यावर गेल्यावर जाग येते, तसे ते दीर्घ वेलांटी पुरी करताना जागे झाले; कारण मागे कारकून उभा होता.

"काय चाललंय आजोबा?"

"वेलांटी," अनुस्वारराव म्हणाले.

कार्यालयाची मालमत्ता विद्रूप केल्याबद्दल त्यांना सगळ्यांदेखत समज देण्यात आली. रबर देऊन ती वेलांटी त्यांच्याच हातांनी खोडायला लावली. ज्या हातांनी हजारो पानं शुद्ध केली, त्याच हातांनी त्यांनी एक शब्द अशुद्ध केला. घरी येऊन ते जेवले नाहीत. बायकोने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्याकडून आज 'जि' झाला." तिने पुढे काही विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला कळत होतं, काही दुःखं व्याकरणातली असतात.

तरी कार्यालयातून एक तपासनीस यायचा होता, तो आला. भारदस्त गृहस्थ होते. त्यांनी भिंत पाहिली, चौकट पाहिली आणि म्हणाले, "वरवर तर ठीक वाटतंय. इमारत मजबूत आहे. उगाच घाबरता तुम्ही लोक." मजबुती दाखवण्यासाठी त्यांनी पाय आपटला.

पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

जुनाट धूळ उन्हाच्या तिरिपेत सोनेरी होऊन वर येत राहिली, आणि तिच्यामधे तपासनीस एका पायावर, पुतळ्यासारखे, अंतर्मुख उभे होते.

"कुजलेलं आहे," ते सावकाश म्हणाले.

परवानगी त्यांनी तिथल्या तिथे, पाय वर काढण्याच्या आतच लिहून दिली. सुतार आणि ओव्हरसिअर यांनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उपसलं, आणि त्या गडबडीत "तुमची बाजू जरा उचला" असं एकमेकांशी थेट बोलले. मग तोंड फिरवायला उशीर झाला होता.

फळ्या निघाल्या. अनुस्वारराव पालथे पडून त्या पोकळीत डोकावले. इतक्या वर्षांनी ते तसे पालथे पडत होते. आत गारवा होता. फटींतून पडलेल्या वस्तू धुळीत शांत निजल्या होत्या: एक बटण, दात गेलेली फणी, शिसपेन्सिलीचा तुकडा. समुद्र मात्र ऐकू येत नव्हता. काहीतरी चुकत होतं, आणि काय ते त्यांना सापडेना. छापलेल्या पानावर चूक आहे हे कळावं पण नेमकी ओळ दिसू नये, तसं. ते तसेच पडून राहिले. बायको म्हणाली, "अहो, डोळा लागला का?"

"इथे उजेड यायचा," अनुस्वारराव खालून म्हणाले.

"कुठून येणार उजेड? जमिनीखाली?" सुतार म्हणाला.

"यायचा. पट्ट्या-पट्ट्यांचा. अक्का म्हणायची, समुद्राच्या तळाला दिवे आहेत."

ते उठले, कपडे न झटकताच घराच्या मागे गेले. तिथे भिंतीला लगटून बायकोचे गुलाब होते. वर्षानुवर्षं माती घालून, खत घालून, रोज पाणी घालून तिने तो वाफा गुडघाभर उंच केला होता. अनुस्वाररावांनी काठीने माती उकरली. खाली लोखंडी जाळी लागली. फळ्यांखाली वारा जावा म्हणून बांधणाऱ्याने ठेवलेल्या सगळ्या जाळ्या गुलाबांनी पुरून टाकल्या होत्या, आणि वाफ्यातलं पाणी निवांतपणे भिंत पीत होती.

म्हणजे पाणी वरूनही नव्हतं आणि सिमेंटने आत शिरायचं थांबलंही नव्हतं. ओव्हरसिअर आणि सुतार, दोघांनी एकदमच खाकरून घेतलं.

आता हे बायकोला सांगायचं कुणी? तिघं पुरुष बराच वेळ जाळीकडे आदराने पाहत राहिले. तोवर ती स्वतःच मागे येऊन उभी राहिली होती.

"माझ्या गुलाबांचं नाव काढायचं नाही," ती म्हणाली.

कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अनुस्वारराव उठले तर ती पदर खोचून एकेक रोप मुळांच्या मातीसकट काढून कुंपणाकडे नेत होती. ते मदतीला वाकले.

"तुमच्या भिंतीसाठी नाही करत," ती म्हणाली. "वन्सं येणार म्हणून करतेय. आणि ते काटेरी धरू नका, इकडून धरा."

मग कामाला खरा वेग आला, म्हणजे त्या घराला झेपेल तेवढा. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा झाला. कुजलेलं टोक कापून तुळईला नवं लाकूड सांधलं. उरलेल्या फळ्यांना असं उग्र औषध पाजलं की काही दिवस सगळ्यांना अंगणातच बसावं लागलं. खुर्च्या बाहेर, चहा बाहेर, पुस्तकं बाहेर. ओव्हरसिअर रोज खाली येत. सुतार काम नसलं तरी येई. म्हणे, सांधा बसलाय का बघतो, आणि सांध्याकडे न जाता खुर्चीकडे जाई. एकदा तपासनीसही आले, पाय कसा आहे ते सांगायला. ओव्हरसिअर अजून म्हणत की भिंतीला उतार हवा होता. सुतार म्हणे, साहेबांची न्हाणी गळतेच, फक्त ती आपल्याला दाखवत नाही. बायको दोघांना चहात साखर कमी घालण्याची धमकी देई. ज्या घरात पूर्वी दुपारभर फक्त पान उलटल्याचा आवाज असे, तिथे आता माणसं उठायचं नाव घेत नसत. अनुस्वारराव त्या बोलण्याच्या कडेला पुस्तक घेऊन बसत, आणि वाचत नसत. भिंत सावकाश वाळत होती. उंट आधी बसला, मग नुसतं कुबड उरलं, मग एका दुपारी पाहिलं तर तो निघून गेला होता.

त्याच दुपारी त्यांनी पत्र लिहिलं. अंगणात मंडळी बसली होती. इतके महिने गेल्याची लाज होती, म्हणून मजकूर निर्दोष हवा होता. त्यांनी भीत भीत वाचून दाखवला:

"प्रिय अक्का, उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. तू विचारलेल्या गोष्टीची कसून तपासणी केली. आता या घरात ओलाव्याचा लवलेशही उरलेला नाही, याची मी खात्री देतो."

"मुद्देसूद आहे," ओव्हरसिअर म्हणाले.

"'खात्री देतो' झकास," सुतार म्हणाला.

बायको मात्र कपबशी हातात तशीच धरून बसली होती. "अहो," ती म्हणाली, "ओल म्हणा की. ओलावा कुठून आणलात?"

"तिचाच शब्द आहे. विचारलं त्याच शब्दात उत्तर द्यावं."

"काय विचारलंय तिने? जसंच्या तसं सांगा."

वाचलेली ओळ अनुस्वारराव कधी विसरत नसत. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "नुसतं येऊन पडायचं माझ्या जिवावर येतं. तू एवढंच कळव, त्या घरात अजून ओलावा आहे का?"

सुताराने जमिनीकडे पाहिलं. ओव्हरसिअरांनी चष्मा काढून उगाच पुसला.

"ती भिंतीचं विचारत होती होय?" बायको हळूच म्हणाली.

अनुस्वाररावांनी डोळे उघडले. छापखान्यात त्यांनी स्वतः शब्दकोशाचं ते पान तपासलं होतं. ओलावा: एक, दमटपणा. दोन, माया, जिव्हाळा. त्या दोन अर्थांमधला विराम त्यांनीच बसवला होता.

"मी तिला काहीच कळवलं नाही," ते म्हणाले. "इतके महिने. तिने हे विचारलं, आणि मी गप्प बसलो."

"आणि आता लिहिताय, लवलेशही नाही. खात्री देताय वर."

"ती आता काय समजली असेल?"

"समजली असेल ते समजली असेल. कागद घ्या दुसरा."

दुसरा कागद आला. पण आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारलेल्या माणसाला स्वतःचं एक सुचेना. त्यांनी लिहिलं, खोडलं. ओव्हरसिअर म्हणाले, स्टेशनपासून कसं यायचं ते लिहा, मधे रस्ता खराब आहे. सुतार म्हणाला, फळ्या आता हत्ती नाचला तरी हलणार नाहीत, लिहा. बायको म्हणाली, काही लिहू नका, नुसतं आहे म्हणा. मग जरा थांबून म्हणाली, "गुलाब कुंपणापाशी नेलेत, हे मात्र लिहा. खिडकीतून दिसणार नाहीत म्हणून तिला चुकल्यासारखं वाटेल."

शेवटी कागदावर उतरलं ते असं: "अक्का, आहे. मला प्रश्न कळायला उशीर झाला, मी भिंत बघत बसलो. भिंतीतला काढला आहे, बाकीचा आहे तिथेच आहे. गुलाब कुंपणापाशी नेलेत. तुझी खोली वाट बघते. ये."

उन्हं कलायच्या आत टपालपेटी उघडून पत्रं नेत. अनुस्वारराव निघाले, बायको चप्पल शोधत मागोमाग निघाली, कारण एकटे गेले तर वाटेत थांबून परत वाचतील. रस्त्यात झाडांच्या लांब सावल्या पडल्या होत्या आणि त्यांतून चालताना अनुस्वाररावांना आपण कुठल्यातरी उथळ, कोमट पाण्यातून चाललो आहोत असं वाटत होतं.

पेटीपाशी ते थांबले. पाकीट फटीत घातलं. हात बाहेर येईना.

"आता काय?" बायकोने विचारलं.

"'आहे'नंतर पूर्णविराम दिलाय. तुटक तर नाही ना वाटणार? स्वल्पविराम बरा होता का?"

"अहो," ती म्हणाली, "सोडा आता."

त्यांनी सोडलं. आत पत्र पडल्याचा अगदी बारीक आवाज झाला, आणि तो ऐकायला दोघंही जराशी वाकली.